जुनाट मानदुखी आणि व्यायामोपचार : परभणी जिल्ह्यातील श्रमजीवनाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

प्रौढ माणसाच्या डोक्याचे वजन साधारणतः साडेचार ते पाच किलोग्रॅम असते. जागेपणीचे सर्व तास हे वजन मानेतील सात मणके आणि त्यांच्याभोवतीचे स्नायू तोलून धरीत असतात. हे कार्य इतके निमूटपणे चालते की मान दुखू लागेपर्यंत त्याची जाणीवही होत नाही. मात्र एकदा दुखणे जडले की वाचन, लेखन, स्वयंपाक, प्रवास, झोप अशा कोणत्याही व्यवहारात ते माणसाची पाठ सोडत नाही. ‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’ या जागतिक अभ्यासानुसार २०२० साली जगातील सुमारे २० कोटी ३० लाख लोक मानदुखीने त्रस्त होते. २०५० पर्यंत ही संख्या सुमारे २६ कोटी ९० लाखांवर जाईल, असा त्याच अभ्यासाचा अंदाज आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हे प्रमाण अधिक आहे.

प्रस्तुत लेखक शारीरिक शिक्षण विषयाचा अध्यापक असून या विषयाकडे वळण्याचे कारण घरातले आहे. काही वर्षांपूर्वी लेखकाच्या आईला मानदुखी जडली. एका दवाखान्यात क्ष-किरण चित्र काढून ‘मणक्यात गॅप’ असल्याचे सांगण्यात आले. मानेला पट्टा, वेदनाशामक गोळ्या आणि विश्रांती असा सल्ला मिळाला. घरी आल्यावर आई एवढेच म्हणाली, “आराम करा म्हन्तेत, मंग कापूस कोन येचील?” पुढे दोन हंगाम ती पट्टा घालूनच वेचणीला जात राहिली. अनेक वर्षे विद्यार्थ्यांना व्यायाम शिकविणाऱ्या लेखकाला तिला व्यायाम सुचविणे मात्र जमले नाही. दिवसभर शेतात राबणाऱ्या बाईला आणखी कसला व्यायाम सांगायचा, हा प्रश्न त्यालाही पडला होता. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न होय.

लेखाची उद्दिष्टे

१. जुनाट मानदुखीचे स्वरूप व त्याविषयीचे प्रचलित समज तपासणे.
२. श्रम आणि व्यायाम यांतील भेद स्पष्ट करणे.
३. व्यायामोपचाराच्या परिणामकारकतेविषयी उपलब्ध संशोधनाचा आढावा घेणे.
४. परभणी जिल्ह्यातील परिस्थितीत आचरता येईल असा व्यायामक्रम व त्यातील दक्षता मांडणे.

प्रस्तुत लेख दुय्यम साधनांतून मिळालेल्या माहितीवर आणि लेखकाच्या निरीक्षणावर आधारित असून त्याचे स्वरूप वर्णनात्मक व विश्लेषणात्मक आहे.

जुनाट मानदुखी : अर्थ व स्वरूप

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या मानदुखीस जुनाट मानदुखी असे म्हणतात. तिचे दोन ठळक प्रकार करता येतात. पहिल्या प्रकारात विशिष्ट कारण सापडते. उदाहरणार्थ अस्थिभंग, क्षयरोगासारखा जंतुसंसर्ग, अर्बुद किंवा मज्जारज्जूवरील दाब. दुसऱ्या प्रकारात असे एखादे निश्चित कारण दाखविता येत नाही. त्यास अविशिष्ट मानदुखी म्हणतात आणि बहुसंख्य रुग्ण याच प्रकारात मोडतात. प्रस्तुत लेखातील विवेचन प्रामुख्याने या दुसऱ्या प्रकारापुरते मर्यादित आहे.

आपल्या भागात मानदुखीसाठी ‘मान आखडली’, ‘मान धरली’, ‘शीर दबली’, ‘मणक्यात गॅप पडला’ असे शब्दप्रयोग रूढ आहेत. यांतील शेवटचे दोन विशेष विचारात घेण्यासारखे आहेत. शरीरातला एखादा भाग कायमचा मोडला आहे, अशी भीती त्यांतून निर्माण होते. प्रत्यक्षात मणक्यांमधील चकत्यांची झीज ही वयोमानानुसार होणारी सर्वसामान्य घटना आहे. जपानमध्ये मानेचे कोणतेही दुखणे नसलेल्या १,२११ स्वयंसेवकांची चुंबकीय प्रतिमा तपासणी, म्हणजेच एमआरआय, करण्यात आली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ८७.६ टक्के व्यक्तींच्या चकत्या फुगलेल्या आढळल्या. विशीतील तरुणांमध्येही हे प्रमाण ७० टक्क्यांहून अधिक होते. याचा अर्थ असा की, चित्रात दिसणारी झीज आणि रुग्णाला होणारी वेदना यांचा संबंध आपण समजतो तितका सरळ नाही. चित्रात ‘गॅप’ दिसला म्हणून मान हलवू नये, असा निष्कर्ष काढता येत नाही.

परभणी जिल्ह्याचा संदर्भ

परभणी हा मराठवाड्यातील गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या खोऱ्यातील कृषिप्रधान जिल्हा आहे. कापूस, सोयाबीन, तूर व ज्वारी ही येथील प्रमुख पिके. मानवत व सेलू ही गावे कापसाच्या बाजारपेठेसाठी ओळखली जातात. या पीकपद्धतीचा मानदुखीशी निकटचा संबंध आहे.

कापसाची वेचणी मुख्यत्वे स्त्रिया करतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास पहिला वेचा सुरू होतो आणि पुढे काही महिने एकामागून एक वेचे चालू राहतात. वेचणाऱ्या स्त्रीची मान खाली झुकलेली, नजर बोंडावर, दोन्ही हात पुढे आणि कमरेला बांधलेली ओटी प्रत्येक ओळीगणिक जड होत जाणारी, असे या कामाचे स्वरूप असते. ओटी भरली की कापसाचे गाठोडे डोक्यावर घेऊन बांधापर्यंत न्यावे लागते. मजुरी बहुधा किलोवर मिळत असल्याने मध्येच थांबणे म्हणजे उत्पन्न गमावणे होय. घरी परतल्यावर डोक्यावर चुंबळ ठेवून पाण्याचा हंडा, सरपण किंवा चाऱ्याचा भारा वाहण्याचे काम उरतेच.

मोंढ्यातील हमालांची स्थिती याहून वेगळी नाही. ‘माथाडी’ हा शब्दच माथ्यावर ओझे वाहण्यावरून आलेला आहे. या श्रमिकांच्या हितासाठी महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांविषयीचा कायदा करण्यात आला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली वजन वाहण्याच्या कमाल मर्यादेसंबंधी करार केला आणि त्यासोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोग्रॅम ही मर्यादा सुचविली. भारताने या कराराला २०१० साली मान्यता दिली.

तिसरा गट आपल्या सर्वांच्या परिचयाचा, म्हणजे अध्यापकांचा आहे. परीक्षा संपल्यावर मूल्यांकन केंद्रात खाली मान घालून उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासणे, संगणकावर माहिती भरणे आणि उरलेल्या वेळी भ्रमणध्वनीत डोके घालणे हा आपला दिनक्रम झाला आहे. वेचणी करणारी स्त्री आणि उत्तरपत्रिका तपासणारा प्राध्यापक यांच्या सामाजिक स्थितीत मोठे अंतर असले, तरी त्यांच्या मानेची अवस्था मात्र बरीच सारखी असते. दोघांच्याही मानेचे स्नायू तासन् तास एकाच स्थितीत ताणलेले राहतात.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. मान अमुक अंशात झुकविली म्हणजे दुखणे येतेच, असे सिद्ध झालेले नाही. कोणतीही एक स्थिती सर्वांसाठी ‘योग्य’ वा ‘अयोग्य’ ठरविणे कठीण आहे. दीर्घकाळ न बदलणारी स्थिती, पुरेशी विश्रांती नसणे, अपुरी झोप, मानसिक ताण आणि स्नायूंची क्षमता कमी असणे या सर्वांचा एकत्रित परिणाम मानदुखीत दिसतो.

विश्रांती, पट्टा आणि भीती यांचे दुष्टचक्र

मान दुखू लागताच ती हलवू नये, ही स्वाभाविक प्रतिक्रिया आहे. ताज्या दुखापतीत एक-दोन दिवस हालचाल कमी करणे समजण्यासारखे आहे. परंतु महिनोन् महिने तसेच वागल्यास स्नायू दुर्बळ होतात. दुर्बळ स्नायू थोड्याशा कामाने थकतात, थकल्यावर दुखतात, दुखल्यामुळे भीती वाढते आणि भीतीमुळे हालचाल आणखी कमी होते. मानेचा पट्टा डोक्याचा भार काही प्रमाणात स्वतःवर घेतो. त्यामुळे वापरताना बरे वाटते; पण दीर्घकाळ वापरल्यास स्नायूंचे कामच हिरावले जाते. म्हणून वैद्यकीय सल्ल्याने ठराविक अल्पकाळापुरताच त्याचा वापर व्हावा.

वेदनाशामक गोळ्यांनी तात्पुरता आराम पडतो, मात्र त्या सातत्याने घेत राहिल्यास जठर व मूत्रपिंडांना अपाय होऊ शकतो. केशकर्तनालयात झटका देऊन मान ‘मोडून’ घेण्याची प्रथा तर सर्वस्वी टाळावी. अशा झटक्याने मानेतील रक्तवाहिनीस इजा होण्याचा धोका असतो.

श्रम आणि व्यायाम यांतील भेद

‘आम्ही दिवसभर राबतो, तोच आमचा व्यायाम’ असे ग्रामीण भागात सर्रास म्हटले जाते. वरवर पाहता हे पटते. परंतु शारीरिक शिक्षणाच्या दृष्टीने श्रम आणि व्यायाम या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांतील भेद चार मुद्द्यांत सांगता येईल.

पहिला मुद्दा तीव्रता व कालावधीचा. वेचणीत मानेच्या स्नायूंवर पडणारा ताण कमी तीव्रतेचा, परंतु सहा-आठ तास अखंड चालणारा असतो. व्यायामातील ताण त्याहून अधिक तीव्र, पण काही सेकंदांचा असतो. स्नायूची शक्ती वाढण्यासाठी दुसऱ्या प्रकारचा ताण लागतो. पहिल्या प्रकारच्या ताणाने थकवा वाढतो.

दुसरा मुद्दा विश्रांतीचा. व्यायामानंतर स्नायूंना सावरण्यासाठी एक-दोन दिवसांचा अवधी देता येतो. हंगामात कामाला सुट्टी नसते.

तिसरा मुद्दा विविधतेचा. श्रमात तेच ते स्नायू त्याच त्या पद्धतीने वापरले जातात आणि इतर स्नायू दुर्लक्षित राहतात. व्यायामात हे दुर्लक्षित स्नायू हेतुपुरस्सर निवडता येतात.

चौथा मुद्दा नियंत्रणाचा. व्यायाम करणारी व्यक्ती वजन, आवर्तने व थांबण्याची वेळ स्वतः ठरविते. श्रमात हे सर्व पीक, मालक आणि बाजार ठरवितो.

डेन्मार्कमधील संशोधक आंद्रेयास होल्टरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कामातील शारीरिक हालचाल आणि फावल्या वेळेतील शारीरिक हालचाल यांचे आरोग्यावरील परिणाम सारखे नसतात, हा विरोधाभास प्रामुख्याने हृदयविकाराच्या संदर्भात मांडला आहे. मानदुखीच्या बाबतीतही हा विचार मार्गदर्शक ठरतो. डेन्मार्कमध्येच मांसप्रक्रिया कारखान्यांतील ६६ कामगारांवर झालेला एक प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. हे कामगार दिवसभर जड, पुनरावृत्तीचे काम करीत आणि त्यांना खांदा, हात व मनगटाचे जुनाट दुखणे होते. एका गटाला कामाची पद्धत सुधारण्याचे प्रशिक्षण देण्यात आले, तर दुसऱ्या गटाकडून आठवड्यातून तीन वेळा केवळ दहा मिनिटे शक्तिवर्धक व्यायाम करून घेण्यात आला. दहा आठवड्यांनंतर व्यायाम करणाऱ्या गटाचे दुखणे अधिक कमी झाले. हा प्रयोग मानेविषयी नव्हता, तरीही श्रमिकाला व्यायामाची गरज नसते या समजाला तो छेद देतो.

व्यायामोपचारामागील शास्त्र

मानेच्या स्नायूंचे दोन थर कल्पिता येतात. ‘लाँगस कोलाय’ व ‘लाँगस कॅपिटिस’ हे खोलवरचे लहान स्नायू मणक्यांना अगदी चिकटून असतात आणि मणक्यांना स्थिर ठेवतात. कानामागून गळ्याच्या हाडापर्यंत येणारा ‘स्टर्नोक्लाइडोमास्टॉइड’ आणि मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेला ‘ट्रॅपेझियस’ हे वरच्या थरातील मोठे स्नायू हालचालीचे काम करतात. जुनाट मानदुखीच्या अनेक रुग्णांमध्ये खोलवरचे स्नायू मंदावलेले आणि वरचे स्नायू अवाजवी कार्यरत असल्याचे आढळते. कायमस्वरूपी नोकराने रजा घ्यावी आणि त्याचे काम इतरांनी ओढत न्यावे, तशी ही अवस्था असते.

व्यायामोपचाराने तीन गोष्टी साधतात. पहिली, खोलवरचे स्नायू पुन्हा कार्यरत होतात. दुसरी, मान व खांद्यांच्या मोठ्या स्नायूंची शक्ती वाढल्यामुळे तेच काम त्यांच्या क्षमतेच्या तुलनेत हलके होते. तिसरी, नियमित व नियंत्रित हालचालीमुळे मज्जासंस्थेची वेदनेविषयीची अतिसंवेदनशीलता कमी होते आणि मान हलविण्याची भीती ओसरते.

संशोधनाचे पुरावे

या विषयावरील एक महत्त्वाचा प्रयोग फिनलंडमध्ये झाला व २००३ साली प्रसिद्ध झाला. जरी यलिनेन व सहकाऱ्यांनी जुनाट मानदुखी असलेल्या १८० महिला कार्यालयीन कर्मचाऱ्यांची तीन गटांत विभागणी केली. पहिल्या गटाने मानेचे शक्तिवर्धक व्यायाम केले, दुसऱ्याने सहनशक्ती वाढविणारे हलके व्यायाम केले आणि तिसऱ्यास केवळ ताणाचे व दमश्वासाचे व्यायाम सुचविण्यात आले. एक वर्षानंतर लक्षणीय किंवा पूर्ण आराम पडलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ७३ टक्के, दुसऱ्यात ५९ टक्के आणि तिसऱ्यात २१ टक्के होते. मान केवळ ताणणे व फिरविणे पुरेसे नाही, तिच्यावर मोजका भार टाकावा लागतो, हा यातून मिळणारा बोध आहे. शाळा-महाविद्यालयांतील कवायतीत आम्ही शारीरिक शिक्षक मान गोल फिरविण्यावर जो भर देतो, त्याचा यानिमित्ताने पुनर्विचार झाला पाहिजे.

वेळ नसल्याची सबब सार्वत्रिक आहे. डेन्मार्कमध्ये लार्स अँडरसन व सहकाऱ्यांनी मान व खांदे वारंवार दुखणाऱ्या १९८ कर्मचाऱ्यांवर केलेला प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. रबरी पट्टीच्या साहाय्याने हात बाजूने वर उचलण्याचा व्यायाम एका गटाने आठवड्यातून पाच दिवस, रोज केवळ दोन मिनिटे केला व दुसऱ्याने बारा मिनिटे. दहा आठवड्यांनंतर दोन्ही गटांना व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत स्पष्ट लाभ झाला.

योगाभ्यासाविषयीही आशादायक पुरावा आहे. पुणे येथे १९७५ साली रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था स्थापन करणारे बी. के. एस. अय्यंगार यांनी लाकडी ठोकळे, दोर, खुर्ची यांचा आधार घेऊन आसने करण्याची पद्धत रूढ केली. जर्मनीत या पद्धतीवर आधारित नऊ आठवड्यांच्या वर्गाची तुलना घरगुती व्यायामाशी करण्यात आली. ५१ रुग्णांवरील हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात योग करणाऱ्या गटाची वेदना अधिक कमी झाल्याचे दिसले. महाराष्ट्रात विकसित झालेल्या पद्धतीची परीक्षा परदेशी रुग्णालयांत होते आणि आपल्या महाविद्यालयांत मात्र ती योगदिनापुरती उरते, ही बाब अंतर्मुख करणारी आहे.

पुराव्याच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात २७ प्रयोगांचा विचार करण्यात आला. त्यानुसार जुनाट मानदुखीत मान, खांदे व हातांच्या शक्तिवर्धक व्यायामांना मध्यम दर्जाचा पुरावा आहे. उच्च दर्जाचा पुरावा मिळाला नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ४० प्रयोगांच्या विश्लेषणातही स्नायूनियंत्रणाचे व्यायाम, शक्तिवर्धक व्यायाम आणि योगासारखे व्यायाम यांपैकी कोणताही एक प्रकार श्रेष्ठ ठरला नाही. यातून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. जो व्यायाम रुग्णाला जमेल, परवडेल आणि सातत्याने करता येईल, तोच त्याच्यासाठी उत्तम होय.

बारा आठवड्यांचा व्यायामक्रम

पुढील क्रम वर उल्लेखिलेल्या तत्त्वांवर आधारलेला असून त्यासाठी व्यायामशाळेची गरज नाही. आरंभी भौतिकोपचारतज्ज्ञाकडून एकदा तरी तपासणी करून घ्यावी आणि व्यायामाची पद्धत समजून घ्यावी.

पहिला टप्पा : आठवडे १ ते ३. पाठीवर झोपून गुडघे वाकवावेत. डोक्याखाली पातळ घडी ठेवावी. डोके न उचलता, ‘हो’ म्हणताना हलवितो तशी हनुवटी हळूच आत घ्यावी. ही स्थिती पाच ते दहा सेकंद ठेवावी आणि दहा वेळा करावी. गळ्याच्या पुढच्या बाजूचे जाड स्नायू ताठरले तर जोर जास्त होत आहे असे समजावे. त्यासोबत बसून दोन्ही खांद्यांची पाती मागे व किंचित खाली ओढून धरण्याचा सराव दहा वेळा करावा. हा टप्पा रोज करावा.

दुसरा टप्पा : आठवडे ४ ते ६. बसून तळहात कपाळावर ठेवावा. डोक्याने तळहाताला व तळहाताने डोक्याला दाब द्यावा, मात्र मान हलू देऊ नये. असाच दाब मागून व दोन्ही बाजूंनी द्यावा. प्रत्येक दिशेला पाच ते दहा सेकंद, पाच वेळा. आरंभी पूर्ण शक्तीच्या निम्माच जोर लावावा. श्वास रोखू नये.

तिसरा टप्पा : आठवडे ७ ते १२. एक लिटर पाण्याची बाटली किंवा किलोभर ज्वारीची पिशवी प्रत्येक हातात घ्यावी. हात बाजूने खांद्याच्या उंचीपर्यंत उचलणे, खांदे कानांकडे उचलून सावकाश सोडणे आणि पुढे वाकून कोपर मागे ओढणे असे तीन प्रकार करावेत. प्रत्येकी आठ ते बारा आवर्तने, दोन ते तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. बारा आवर्तने सहज होऊ लागली की वजन थोडे वाढवावे. या वाढीशिवाय व्यायामाचा प्रभाव थांबतो. दुसऱ्या टप्प्यातील दाबाचे व्यायामही चालू ठेवावेत आणि शक्य तेव्हा रोज वीस-तीस मिनिटे चालावे.

दुखणे किती सहन करावे, हा कळीचा प्रश्न आहे. आपल्याकडे रुग्ण ‘आठ आणे फरक पडला’ असे म्हणतात. हीच मोजणी उपयोगी पडते. असह्य वेदना म्हणजे सोळा आणे मानल्यास व्यायाम करताना दुखणे पाच आण्यांच्या पुढे जाऊ नये आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते मूळपदावर यावे. तसे झाले नाही तर वजन किंवा आवर्तने कमी करावीत, व्यायाम सोडून देऊ नये. शीर्षासन, सर्वांगासन व हलासन ही मानेवर थेट भार टाकणारी आसने या काळात करू नयेत.

वेचणीच्या हंगामात व्यायाम आठवड्यातून दोन दिवसांवर आणावा. ओटी अर्धी भरताच रिकामी करावी, गाठोडी लहान बांधावीत आणि दर अर्ध्या-पाऊण तासाने कंबर सरळ करून दूरवर पाहावे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात शेतकरी महिलांचे कष्ट कमी करणाऱ्या साधनांवर कार्य झालेले आहे. अशी साधने आणि व्यायाम यांचा मेळ घालणे अधिक हितकारक ठरेल.

दक्षता

पुढील लक्षणे असल्यास व्यायाम सुरू न करता तातडीने वैद्यकीय तपासणी करून घ्यावी : अपघात किंवा पडल्यानंतर उद्भवलेली मानदुखी, हातापायांतील शक्ती कमी होणे, हातातून वस्तू निसटणे, गुंडी लावणे न जमणे किंवा चालताना तोल जाणे, मलमूत्रावरील नियंत्रण सुटणे, ताप, वजन घटणे किंवा रात्री वाढणारी वेदना, पूर्वीचा कर्करोग वा क्षयरोग, अकस्मात आलेली तीव्र डोकेदुखी, बोलण्यात किंवा दिसण्यात अडथळा. मानदुखीसोबत छातीत दडपण, घाम किंवा डाव्या हातात कळ आल्यास हृदयविकाराचा विचार प्रथम करावा. शारीरिक शिक्षकाने निदान करण्याचा मोह टाळावा. निदान वैद्यकीय तज्ज्ञाचे, उपचाराची आखणी भौतिकोपचारतज्ज्ञाची आणि सातत्य राखण्यास साहाय्य करणे शिक्षकाचे, अशी विभागणी असावी.

महाविद्यालयांची भूमिका

भौतिकोपचारतज्ज्ञाकडे आठवड्यातून तीनदा तालुक्याच्या गावी जाणे शेतमजूर स्त्रीला शक्य नसते. जाण्यायेण्यात तिची दिवसाची मजुरी बुडते. त्यामुळे व्यायाम घरी नेणे हाच मार्ग उरतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या विशेष शिबिरात एक सत्र मानदुखीसाठी ठेवणे, भौतिकोपचारतज्ज्ञास निमंत्रित करणे, विद्यार्थिनींना व्यायामाची पद्धत शिकवून त्यांच्यामार्फत ती घराघरांत पोहोचविणे आणि आयुष्मान आरोग्य मंदिरातील कर्मचाऱ्यांचे सहकार्य घेणे, या गोष्टी अल्प खर्चात होऊ शकतात. आमच्या वर्गातील अनेक विद्यार्थिनी स्वतः हंगामात वेचणीला जातात. त्यांच्यासाठी हा विषय अभ्यासक्रमाबाहेरचा नाही. आरंभ मात्र अध्यापक कक्षापासून व्हावा. मूल्यांकन केंद्रात दर तासाला दोन मिनिटे खांद्यांचा व्यायाम करण्यास कोणत्याही परिपत्रकाची आवश्यकता नाही.

निष्कर्ष

१. अविशिष्ट जुनाट मानदुखीत दीर्घकाळ विश्रांती व पट्टा यांपेक्षा क्रमाक्रमाने वाढविलेला व्यायाम अधिक हितकारक आहे.
२. श्रम हा व्यायामाचा पर्याय नाही. श्रम करणाऱ्या व्यक्तीलाच श्रम पेलण्यासाठी व्यायामाची गरज अधिक आहे.
३. कोणताही एक व्यायामप्रकार सर्वश्रेष्ठ नाही. सातत्य व क्रमशः वाढ महत्त्वाची आहे.
४. व्यायाम मजुरीचा दर, कामाचे तास किंवा डोक्यावरचे ओझे बदलू शकत नाही. त्यासाठी साधने, धोरण व सामाजिक जाणीव यांचीही जोड हवी.

प्रारंभी उल्लेखिलेल्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. तपासणीनंतर लेखकाच्या आईने सहा महिने ज्वारीच्या पिशव्या उचलल्या. पट्टा खुंटीवर गेला. ती म्हणते, “बारा आने फरक हाय.” एका व्यक्तीचा अनुभव हा शास्त्रीय पुरावा ठरत नाही, आणि उरलेले चार आणे वेचणीच्या दिवसांत अद्यापही जाणवतात. तथापि, दिवसभर राबणाऱ्या बाईला व्यायाम कशाला, असे आता लेखक विचारीत नाही. तिच्या कष्टातून रोज खर्च होणारी शक्ती तिला परत मिळावी, एवढाच या उपचाराचा हेतू आहे, आणि तो तिचा हक्कही आहे.